सत्तावीस टक्के

अल रय्यान
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

रंगनाथभाऊ, नमस्कार.

मी लुसी, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमधली. पित्ताशयाच्या ऑपरेशनला तुम्ही आमच्याकडे होता तेव्हा गोळ्यांच्या वेळा मी तुम्हाला मराठीत लिहून दिल्या होत्या, आणि घरी जाता जाता तुम्ही आमचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला होता. दुखानला शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत लोकांचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करता, असं तेव्हा म्हणाला होता. आज ते आठवलं.

गाडीवाल्या संपतबरोबर लॅपटॉप पाठवतेय. अकरा वर्षांचा आहे, पण काल संध्याकाळपर्यंत नीट चालत होता. आज पावणेचारला ड्युटीवरून आले, बटण दाबलं, तर पडद्यावर एकच वाक्य: अपडेट चालू आहे, सत्तावीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. अर्धा तास समोर बसून राहिले. सत्तावीसचे अठ्ठावीस झाले नाहीत. शेवटी बंद करून पुन्हा लावला, तरी सत्तावीसच. संपत दर गुरुवारी साडेचारला दुखानला निघतो, म्हणून घाईघाईत हे लिहितेय.

फोन करू नका, मेसेजही नको. माझे मेसेज घरच्या टॅबवर दिसतात आणि तो टॅब कुणाच्याही हातात असतो. घरात आम्ही तिघं, माझे मिस्टर डेरिल, मुलगी स्टेफी आणि मी. ती दोघं आत्ता बाजारात गेलीत, आणि लॅपटॉप तुमच्याकडे आलाय हे त्यांना कळायला नको. का, ते विचारू नका. आत फोटो आहेत, स्टेफीची सर्टिफिकेटं आहेत, आणि माझं थोडं खासगी लिखाण आहे. एकही फाईल जाता कामा नये आणि एकही फाईल कुणी उघडता कामा नये. इथल्या दुकानात देत नाही, कारण दुकानदार डेरिलच्या ओळखीचा आहे.

संपत रिवाजाप्रमाणे बॅग माझ्यासमोर उघडून बघेल. कुणाचंही सामान बघितल्याशिवाय तो गाडीत ठेवत नाही. पण ह्या पत्राचं पाकीट उघडायचं त्याला काही कारण नाही. पाकिटाला ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर सही केली आहे. पट्टी सुटलेली दिसली तर कळवा.

लुसी


दुखान
शनिवार, ८ नोव्हेंबर

लुसीताईंना रंगनाथचा रामराम.

पट्टी शाबूत आहे, सहीसुद्धा. ऑपरेशननंतर तुमच्या लोकांनी माझ्या पोटालाही एवढी घट्ट पट्टी लावली नव्हती.

संपत गुरुवारी साडेपाचच्या ठोक्याला बॅग देऊन गेला. शुक्रवारी सकाळी मशीन लावलं आणि आधी नुसतं बघत बसलो. ताई, अशा वेळी लोक दोन चुका करतात. एक तर चालू असलेलं काम अडकलं समजून बटण दाबतात, नाहीतर अडकलेलं चालू आहे समजून दिवसभर वाट बघतात. ओळखायची खूण सोपी आहे. कडेला एक बारीक दिवा असतो. आकडा हलत नसला तरी दिवा लुकलुकत असेल तर आत काम चाललंय, हात लावू नये. तुमचा दिवा गप्प आहे. म्हणजे खरंच अडकलंय.

कारणही सापडलं. डिस्कमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. नवा अपडेट आला, त्याला पाय पसरायला जागा मिळाली नाही, आणि त्यातच कुणीतरी मध्येच बंद केलं असावं. आता ते ना जुनं राहिलंय ना नवं झालंय. उपाय असा, की आधी सगळ्या फायलींची नक्कल माझ्या डिस्कवर काढून ठेवायची, मग अर्धवट उतरलेला अपडेट साफ करायचा, मोठी डिस्क बसवायची आणि तोच अपडेट पहिल्यापासून पुन्हा घालायचा. घाई केली तर मशीन जाईल आणि फायलीही जातील.

एक आठवडा द्या. आमची बायको दुर्गा भारतातून, गावाहून फोनवर म्हणते, लोकांची यंत्रं जपता तसं मला जपलं असतं तर माझे गुडघे दुखले नसते. तिचं म्हणणं खोटं नाही.

रंगनाथ


अल रय्यान
गुरुवार, १३ नोव्हेंबर

रंगनाथभाऊ,

नक्कल कशाला? मी स्पष्ट लिहिलं होतं, कुणी काही उघडायचं नाही. माझ्या फायली तुमच्या डिस्कवर कशासाठी हव्यात, आणि काम झाल्यावर त्यांचं काय होणार, हे मला लेखी कळवा. राग मानू नका. मी दिवसभर लोकांच्या फायली सांभाळते, कोण कशासाठी नक्कल मागतो ते मला ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे, रविवारी तुमचं पत्र देताना संपतने विचारलं, “ताई, काही भानगड आहे का?” त्याला असं का वाटावं? तुम्ही काही बोललात का?

तुम्हाला वाटेल ही बाई उगाच संशय घेते. मग ऐका. गेल्या गुरुवारपासून डेरिल बदललाय. तो मुशैरिबच्या एका हॉटेलात स्टोअरकीपर आहे. सकाळी सहाची ड्युटी करून तीनला घरी येतो, मोबाईल घेऊन सोफ्यावर पडतो तो जेवणापर्यंत, हा आमचा सतरा वर्षांचा संसार. आणि आता मी उठायच्या आत चहा तयार. माझ्या युनिफॉर्मला इस्त्री. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जायला माझ्याआधी बूट घालून दारात उभा. वसईच्या घराचं कौल नीट आहे का, असं त्याने काल विचारलं. नऊ वर्षांत त्याने वसईत पाऊल ठेवलेलं नाही. मी आणि स्टेफीच जाऊन येतो. आणि आज अचानक कौलाची काळजी.

पुरुष विनाकारण गोड झाला की बाईने कपाट तपासावं, असं माझी आई म्हणायची. मी तपासलं. काही मिळालं नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. नोकरी गेली असेल, नाहीतर कुणी बाई असेल.

आणि सगळ्यात विचित्र हे की लॅपटॉप कुठे आहे असं त्याने एकदाही विचारलेलं नाही. रोज जेवण झाल्यावर त्याच्यावर बातम्या बघणारा माणूस. टेबलावरची रिकामी जागा त्याला दिसत नसेल का? तुम्ही पुरुष आहात, तुम्हीच सांगा, ह्याचा अर्थ काय?

लुसी


दुखान
शनिवार, १५ नोव्हेंबर

लुसीताई, रामराम.

आधी गोड बातमी. तुमचं मशीन चालू झालं. सत्तावीसवरून हललं, साठपर्यंत रेंगाळलं आणि मग शंभरपर्यंत सरळ गेलं. आता त्याला आणखी दोन अपडेट देऊन बघतो. ते बिनबोभाट झाले तर पुढच्या शनिवारी परत पाठवेन. नक्कल घ्यायचं कारण एवढंच, की डिस्क बदलताना जुनी मेली तर फोटो कुठून आणायचे? काम झालं की पुसून टाकणार. हे लेखी झालं.

संपतला मी काही बोललो नाही. पाकिटाला पट्टी आणि पट्टीवर सही बघितल्यावर त्याला भानगड वाटली नसती तरच नवल. तो जुन्नरचा आहे, खुळा नाही.

आता मशीन का अडकलं ते. मशीन आपली डायरी स्वतः लिहीत असतं. त्यात असं आहे की त्या गुरुवारी, म्हणजे ६ तारखेला, ५ वाजून ४० मिनिटांनी एक फाईल उघडली गेली. ५.४७ ला अपडेटने मशीन आपोआप बंद करायला घेतलं. ५.५२ ला, काम सत्तावीस टक्क्यांवर असताना, कुणीतरी बटण दाबून धरून त्याचा गळा आवळला. तिथून पुढचं रामायण.

मशीन सुरू झाल्याबरोबर ती अर्धवट राहिलेली फाईल आपणहून पडद्यावर आली. ‘डेरिलसाठी’ असं तिचं नाव आहे. मी वाचली नाही, बंद केली. आता तिच्या दोन प्रती आहेत, एक तुम्ही जतन केलेली आणि दुसरी बंद पडताना मशीनने वाचवलेली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यात.

चहाबद्दल विचारलंत. मला तर चहाचा अर्थ चहाच वाटतो. पण मी पडलो इथे एकटा राहणारा माणूस, इथे मला स्वतःशिवाय कुणी चहा करून दिला नाही, म्हणून माझं मत धरू नका.

रंगनाथ


अल रय्यान
गुरुवार, २० नोव्हेंबर

श्री. रंगनाथ यांस,

तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून लिहिते आहे. संपतने बॅग साडेपाचच्या ठोक्याला दिली, हे तुमचं पहिलं पत्र. फाईल पाच चाळीसला उघडली गेली, हे तुमचं दुसरं पत्र. पाच बावन्नला बटण दाबून मशीन बंद केलं गेलं, हेही तुमचंच. माझ्या घरून बॅग साडेचारला निघाली. मग पाच चाळीसला ती कुणाच्या हातात होती? चोराने स्वतःच्या अक्षरात पंचनामा लिहून द्यावा तसं झालं हे.

बॅग हातात आल्यावर तुम्हाला धीर धरवला नाही. माझ्याकडे अडकलेलं मशीन कसंतरी चालू करून तुम्ही माझी फाईल उघडलीत, अपडेट पुन्हा मध्ये आला तसे घाबरून बटण दाबलंत, आणि वर मला दिव्याच्या गोष्टी सांगितल्यात. दुसरी प्रत मशीनने वाचवली म्हणे. माझ्या पत्राची दुसरी प्रत मशीनला कशाला हवी असेल? ती हवी असेल तर माणसालाच.

तुम्ही वाचलंच आहे, तेव्हा आता लपवायचं काय? हो, ते डेरिलला लिहिलेलं पत्र आहे. मराठीत लिहिलं, कारण स्टेफीला मराठी कळतं पण वाचता येत नाही. जूनमध्ये शाळा बंद झाली की तिला घेऊन मी वसईला जाणार, परत न येण्यासाठी, असं त्यात आहे. सतरा वर्षं ‘आणखी दोन वर्षं, मग गावी परत’ ऐकून मी थकले, हेही आहे. आणि दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा डेरिलने मला सांगितलं की रजा मिळत नाही. मी आणि स्टेफी दोघीच गेलो. भावांनी आईची शवपेटी उचलली तेव्हा लोक मला विचारत होते, जावई कुठे आहे? मी रजेचं सांगत राहिले. गेल्या महिन्यात त्याच्या सोबत काम करणाऱ्याच्या बायकोकडून कळलं की त्याने रजा मागितलीच नव्हती. त्याला तोंडावर विचारायची मला भीती वाटली, म्हणून लिहून काढलं. ते त्याला द्यायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. ते फक्त मीच ठरवणार होते.

हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर माझं घर माझ्या हाताने नाही, तुमच्या हाताने मोडेल. शनिवारी मशीन परत पाठवा. ती दुसरी प्रत पुसून टाका. तुम्हाला भाऊ म्हटलं ही माझी चूक झाली.

लुसी


दुखान
शनिवार, २२ नोव्हेंबर

लुसीताई,

राग आला. खोटं कशाला सांगू? काल पत्र वाचलं आणि मशीन तसंच बॅगेत कोंबून पाठवून द्यावं असं वाटलं. ह्या गावात पंधरा वर्षं लोकांची मशीनं उघडतोय, त्यात लोकांच्या बायका-पोरांचे फोटो असतात, भांडणं असतात, नको ते असतं. एकालाही कधी पाकिटावर पट्टी लावावी लागली नाही.

मग शांत झालो आणि तुमचा हिशेब पुन्हा केला. तुमचं बरोबर होतं. पाच चाळीसला बॅग माझ्याचकडे होती. पण मी तेव्हा तिची चेनसुद्धा उघडलेली नव्हती. म्हणजे मशीन खोटं बोलतंय किंवा मी. आज सकाळी मशीन समोर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. भिंतीवर दहा, मशीनवर साडेबारा.

ताई, तुमचं मशीन भारताच्या वेळेवर चालतं. मला हे दोन आठवडे दिसलं नाही, कारण माझं मनगटी घड्याळही भारताच्याच वेळेवर असतं. इथे आलो तेव्हापासून मी ते बदललेलं नाही. दुर्गा कधी उठली, कधी जेवली, ते त्याच्यावर बघतो. मशीनवर साडेबारा, मनगटावर साडेबारा, मग खटकणार कसं? कामाच्या वेळा मी भिंतीवर बघतो आणि डायरीतले आकडे जसेच्या तसे तुम्हाला लिहून पाठवले. ही चूक माझी.

आता अडीच तास वजा करा. पाच चाळीस म्हणजे आपल्या इथले तीन दहा. पाच बावन्न म्हणजे तीन बावीस. तेव्हा बॅग भरलेली नव्हती, संपत तुमच्या दारात आलेला नव्हता आणि मी प्लँटवर माझ्या ड्युटीवर होतो. मशीन तुमच्या घरात, तुमच्या टेबलावर होतं. तुम्ही पावणेचारला आलात. त्याआधी घरात कोण होतं ते तुम्हाला माहीत, मी नाव घेत नाही.

मशीन पाठवतोय. दोन्ही अपडेट नीट बसलेत. माझ्या डिस्कवरची नक्कल संपतला साक्षीला उभा करून पुसली. आपण काय बघतोय हे त्याला कळलं नाही, पण मान हलवली बिचाऱ्याने. तुमची एकच गोष्ट ऐकली नाही. ती दुसरी प्रत पुसलेली नाही. साईझवरून दिसतं की ती पहिलीपेक्षा थोडी मोठी आहे. उघडून बघा, मग पुसायची तर तुमच्या हाताने पुसा. माझ्या हातून ते होणार नाही. मला चोर म्हणायचं तर म्हणा.

रंगनाथ


अल रय्यान
गुरुवार, २७ नोव्हेंबर

रंगनाथभाऊ,

माफी मागते. पत्राच्या शेवटी मागायला हवी, पण तोपर्यंत माझा धीर गेला तर राहून जाईल.

मशीनचं घड्याळ मीच बदललं होतं. आई आजारी होती, तिच्या गोळ्यांच्या वेळेला इथून फोन करायचा म्हणून. आई गेली, घड्याळ तसंच राहिलं. पडद्यावर वेळ बघताना माझ्या डोक्यात अडीच तास आपोआप वजा होतात. तुमच्या पत्रातले आकडे कागदावर होते, ते वजा झाले नाहीत.

तीन दहाला घरात कोण होतं हे शोधायला लागलं नाही. स्टेफीची बस साडेतीनला येते. तिला तर वाचताही येत नाही. तरी मशीन रविवारी आल्यावर मी तीन दिवस कपाटात ठेवलं. आत काय निघेल ह्याचाच संशय. काल ड्युटीवरून आल्यावर दुसरी प्रत उघडली. माझ्या नावाखाली एक ओळ वाढलेली होती. डेरिल आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मराठी शाळेत शिकला, पण मराठी टाईप करायची त्याला सवय नाही, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं कळत होतं. ‘लुसी, रजेचं मी खोटं बोललो, मागितलीच नव्हती, आईच्या मयताला आलो नाही कारण’. एवढंच. तिथे मशीनने बंद व्हायला घेतलं होतं.

डेरिल सोफ्यावर होता. मशीन उचलून त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं की मशीन त्यानेच बिघडवलं. ओळ पुसून टाकायला धडपडला, पडदा ऐकेना, मी येण्याची वेळ झाली, म्हणून बटण दाबून धरलं. मग टेबल रिकामं दिसलं तेव्हा त्याने ओळखलं, की मी दुरुस्तीला दिलंय आणि आज ना उद्या ती ओळ वाचणार. विचारायचं काय? तो तीन आठवडे चहा करत वाट बघत होता. मी तीन आठवडे त्याची कपाटं तपासत होते.

मी म्हटलं, “वाक्य पुरं कर.”

त्याने मशीनचं झाकण मिटलं. मग म्हणाला, “माझी आई गेली तेव्हाही मागितली नव्हती.”

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट ही. तेव्हाही त्याने गावाला, भावांना, मला, सगळ्यांना सांगितलं होतं की रजा मिळाली नाही. खरं तर तिला तसं पेटीत बघायची त्याला हिंमत नव्हती. मग गावात जायची लाज वाटायला लागली. मग दर खेपेला तेच ‘आणखी दोन वर्षं’. स्वतःच्या आईला खांदा दिला नाही, तो सासूच्या पेटीला हात कसा लावणार, आणि लावला तर भाऊ काय म्हणतील, असं तो म्हणाला. हे सांगताना तो रडला. मी रडले नाही, मी चिडले. सतरा वर्षं मी एका माणसावर ज्या गोष्टींचा संशय घेत आले, त्यातली एकही खरी निघाली नाही, आणि जी खरी होती तिचा मला वाससुद्धा आला नाही. ह्याचा राग कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये मी जाते आहे. ते बदललेलं नाही. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवू. फरक एवढाच, की आज सकाळी डेरिलने जूनची रजा मागितली. दोघी आयांच्या कबरींवर आधी जाऊ, मग घरी. अर्ज केल्याचं त्याने दुपारी फोन करून सांगितलं, आणि मी त्याला अर्जाचा फोटो पाठवायला लावला. माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत आहे.

त्याच स्वभावाने एक शेवटचं लिहिते. तुम्ही म्हणालात, वाचलं नाही, साईझवरून कळलं. भाऊ, मी बारा वर्षं रेकॉर्ड सेक्शनला आहे. एका ओळीने फाईलची साईझ किती वाढते ते मी काल बघितलं. न उघडता कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी थोडी. ती फाईल आपणहून पडद्यावर आली तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर शेवटची ओळ आली असणार, आणि ती बाईच्या हातची नाही हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. ती मला सांगायचा तुम्हाला अधिकार नव्हता, म्हणून सांगितली नाहीत. आणि मी पुसायला सांगितली, तेव्हा पुसली नाहीत. न वाचलेल्या कागदासाठी कुणी एवढ्या शिव्या खात नाही.

म्हणजे माझा संशय खरा होता. बरं झालं.

ह्या पाकिटाला पट्टी लावलेली नाही.

तुमची बहीण,
लुसी